माटेलिया की गोनोलोबस? वाळलेल्या नमुन्यांवरून ओळख कशी पटवावी?

रानवेल: मध्य अमेरिकेतील रुई कुलाच्या वेलींच्या हर्बेरियम नमुन्यांची (वाळवून कागदी पत्रकांवर चिकटवलेल्या वनस्पतींची) छायाचित्रे मी सध्या अभ्यासत आहे. समोरासमोर आलेली हृदयाकृती पाने आणि हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके बहुतेक पत्रकांवर सारखेच दिसतात. काही पत्रकांवर तर माटेलिया आणि गोनोलोबस अशा दोन्ही वंशांच्या (जवळच्या जातींच्या गटांच्या) नावांच्या चिठ्ठ्या आहेत. असे का व्हावे, आणि केवळ छायाचित्रावरून निर्णय करता येईल का?

कंदीलपुष्प: या वंशांच्या सीमाच वेळोवेळी बदलत आल्या आहेत. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले यांनी १७७५ मध्ये फ्रेंच गयानातील वनस्पतीवरून माटेलिया हा वंश स्थापला, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ वुडसन यांनी १९४१ मध्ये अनेक लहान वंश त्यात सामावून घेतले, आणि डीएनएच्या अभ्यासातून तो एकाच पूर्वजापासून आलेला गट नसल्याचे दिसल्यावर त्यांतले काही पुन्हा वेगळे काढले गेले. म्हणून जुनी चिठ्ठी चुकीची समजू नये. ती त्या काळची समजूत सांगते. गोनोलोबसच्या परागकोशांच्या पाठीवर उपांगे असतात व फळाला बहुधा पंखांसारख्या कडा असतात, तर माटेलियाच्या अनेक जातींची फळे खरबरीत उंचवट्यांची असतात. अडचण अशी, की फूल आणि पक्व फळ एकाच पत्रकावर क्वचितच सापडते.

चीकवाली: छायाचित्रावर विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ही फुले मांसल असल्यामुळे दाबताना त्यांचे तोरण (पाकळ्यांच्या आतले कड्यासारखे उपांग) चपटे होऊन मधल्या स्तंभाला (पुंकेसर व स्त्रीकेसर जुळून झालेल्या भागाला) चिकटते, आणि नेमकी तिथेच ओळखीची लक्षणे असतात. ती लक्षणे समजण्यासाठी आधी आपल्या रुईचे ताजे फूल घ्यावे; मधल्या पंचकोनी भागाच्या कडेचा काळा ठिपका सुईने उचलला, की त्याला लोंबणारे दोन पिवळे परागपुंज (परागकणांचे एकत्र चिकटलेले गोळे) बाहेर येतात. गोनोलोबसच्या गटात हे परागपुंज जवळजवळ आडवे असतात. वाळलेल्या फुलात ते पाहायचे असेल, तर संग्रहपालांची परवानगी घेऊन एखादे सुटे फूल साबणाचा थेंब टाकलेल्या गरम पाण्यात मऊ करावे, सूक्ष्मदर्शकाखाली उघडावे आणि त्याचे तुकडे पत्रकावरच्या पाकिटात परत ठेवावेत.

रानवेल: मनःपूर्वक आभार. नवा नमुना गोळा करताना काय जपावे?

चीकवाली: दोन-चार फुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत. फुलाचा रंग, वास आणि चिकाचा रंग वेलीपाशी उभे असतानाच लिहून घ्यावा, कारण वाळल्यावर हिरवे फूलही तपकिरी दिसते.