अनुभव धागा: घरच्या मायेपोटी घेतलेली गाडी विकताना

बाबा पीथमपूरच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. साहेबांची पांढरी कॉन्टेसा त्यांनी अकरा वर्षं चालवली. सकाळी सहाला इंदूरच्या राजेंद्रनगरातून सायकलनं निघायचं, बंगल्यावर गाडी पुसायची, मग पीथमपूर. त्या गाडीच्या मागच्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. कधी विषय निघाला तर तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हणायचे, "मागून कशी लागते, ठाऊक नाही बुवा."

२०१५ मध्ये मी उज्जैनहून १९९२ ची कॉन्टेसा क्लासिक आणली, एक लाख चाळीस हजारांना. इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, जोर मागच्या चाकांना. लांबलचक बॉनेट आणि मागच्या चाकांच्या जोरामुळे हल्लीची मुलं हिला 'भारताची मसल कार' म्हणतात. मुळात ती व्हॉक्सहॉलच्या इंग्लिश गाडीवरून हिंदुस्तान मोटर्सनं उत्तरपाड्याला बनवलेली, २००२ पर्यंतच निघाली. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. बाबांना मागे बसवायचं, एवढंच डोक्यात होतं.

बसले. राजेंद्रनगर ते अन्नपूर्णा मंदिर, हात मांडीवर ठेवून, खिडकीबाहेर बघत. मंदिरापाशी उतरले आणि माझ्या दारापाशी आले. "वरचा गिअर लवकर टाकतोस. इंजिन घुसमटतंय. सरक तिकडे." त्यानंतर सहा वर्षं गाडी त्यांनीच चालवली.

२०२१ मध्ये बाबा गेले आणि गाडी उभी राहिली. बॅटरी उतरली, उंदरांनी वायरी कुरतडल्या, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट राळ झाली. २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा रजिस्ट्रेशन करून घेतलं. पूर्वीची ६०० रुपये फी त्याच एप्रिलपासून ५,००० झाली होती. पुढची वेळ २०२७ ची, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. पैशाचं सोसलं असतं. पण आई सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या झाकलेल्या गाडीकडे पाठ करून उभी राहायची, ते बघवेना.

बघायला बरेच जण आले. एकाला इंजिन बदलून काळा मॅट रंग मारायचा होता, एकानं सरळ भंगाराचा भाव सांगितला. मग नाशिकहून एका मुलाचा फोन आला. त्यानं किंमत विचारलीच नाही. म्हणाला, "काका, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड असू द्या." बाबा असते तर तेवढ्यावरच खूश झाले असते. गरम इंजिन सगळे दोष झाकतं, थंड इंजिन काही लपवत नाही. रात्रभर बसचा प्रवास करून तो आला, आधी बॉनेटवर हात ठेवून पाहिला, मगच चावी मागितली.

डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची वही होती. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, ऑइल कधी बदललं, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. एका पानावर 'भेरूघाटात तापली नाही' एवढंच. माझ्या मते ती वही गाडीची होती. मी तिची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ वही त्याला दिली. आईला हे पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही.

तो मानपूर, सेंधवा, धुळे करत रस्त्यानंच गाडी घेऊन गेला.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर इथे लिहा. किंमत सांगायची नसेल तर राहू द्या. कसं ठरवलंत आणि गाडी गेल्यावर घरात काय झालं, ते मात्र सांगा.

स्नेहनगरहून

आमची प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. माझ्या वडिलांनी मला अशाच गाडीवर शिकवलं होतं, म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी शोधून आणली. विकायचा निर्णय माझाच होता. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर क्लच दाबवत नव्हता, आणि दुसऱ्या कुणी ती चालवलेली मला आवडत नव्हती.

भावनेच्या भरात मी एक चूक केली, ती सगळ्यांना कळावी म्हणून लिहितेय. एजंटनं मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, पैसे दिले, मीही डोळे पुसत आत निघून गेले. गाडी नावावर करायची ती त्यानं केलीच नाही. दीड वर्षानं घरी चलान आलं, गाडी कुठे आहे याचा पत्ता नाही. यांनी नायता मुंडल्याच्या आरटीओत किती खेपा घातल्या, त्याची गणती नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं, राज्याबाहेर ४५ दिवसांत, आणि बाहेर जाणार असेल तर एनओसीही लागते. कागदावर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईही त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. आरसीवरचं नाव बदललेलं डोळ्यांनी बघेपर्यंत व्यवहार संपला असं मानू नका.

मूळचा रामबागचा, आता ओहायो

आमच्या खोलीत दादानं लाल मस्टँगचं पोस्टर लावलं होतं. दादा तिशीच्या आतच गेला. इकडे नोकरीत स्थिरावल्यावर मी १९६९ ची मस्टँग घेतली. घेताना व्हीआयएन, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख नंबराचं पाचवं अक्षर बघतात. एफ असेल तर ती ३०२ क्युबिक इंचांच्या, म्हणजे ४.९ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. माझी एफच होती. दादाला हे सगळं तोंडपाठ असायचं.

घेताना मी फक्त रंग आणि आवाज पाहिला. या गाड्यांत काचेखालच्या हवेच्या जाळीतून पाणी आत झिरपतं आणि गालिच्याखालचा पत्रा सडतो. गालिचा उचलला तेव्हा खालची जमीन दिसली. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे वर्षातले पाच महिने गाडी गॅरेजातच. चौदा वर्षांत पत्रा दोनदा बदलून घेतला. मुलांना गाडीत रस नाही आणि तो असावा असा हट्ट मी धरला नाही. दादा त्यांनी पाहिलेलाच नाही.

मागच्या उन्हाळ्यात विकली. ट्रेलरवर चढवताना मी इंदूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोस्टरवरची हीच का रे?" ते पोस्टर कुठे गेलं, हे आम्हा दोघांनाही आठवेना. तेवढं एक अजून टोचतं.

लोकमान्यनगरहून

मी विकलेली नाही. आजोबांची अँबेसेडर काकांनी विकली होती. तीच गाडी, तोच नंबर, मी महूहून शोधून परत आणली. आता घरात जागा नाही, मुलीला स्कूटी ठेवायची आहे, बायकोचं म्हणणंही चूक नाही. तीन महिन्यांपासून सुरू केलेली नाही आणि पेट्रोलचा वास येतोय. कुणाला दाखवावी? विकू की नको, हे त्यानंतर ठरवीन.

राजेंद्रनगरहून, धागा काढणारा

वास येतोय तर आधी बॅटरीची वायर काढा आणि गाडीजवळ दिवा-उदबत्ती लावू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, मग चिरतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप बदलावे लागतील. फार मोठा खर्च नाही. बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री अजून काम करतात. आमच्या गाडीला शेवटचा हात त्यांचाच लागला होता. "भिया, इंजन तो अभी भी कंचा है," म्हणजे एकदम झकास, म्हणाले होते.

रविवारी त्यांना घेऊन सकाळी आठला येतो. तोवर सुरू करू नका, थंड असू द्या.