ताटलीजवळ गेलं की भुऱ्या गुरगुरतो, काल तर अंगावर आला

जाई_नाशिक
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये एक गावठी पिल्लू भिजत बसलं होतं. एका रात्रीपुरतं घरात घेतलं ते राहिलंच. आता वर्ष-सव्वा वर्षाचा झालाय. एरवी लोण्यासारखा, मुलाच्या (वय ८) अंगावर पाय टाकून झोपतो. पण ताटलीपाशी कुणी गेलं की गुरगुर. ताटली फ्रीजशेजारच्या बोळात असते, घरात दुसरी जागाच नाही.

एक ट्रेनर बोलावला. तो म्हणाला, जेवताना ताटली उचला, त्यात हात घाला, म्हणजे सवय होईल. काही दिवस तसं केलं. आता मी नुसती सोफ्यावरून उठले तरी तो ताठतो आणि घास न चावता गिळतो. काल मुलगा पाण्याची बाटली घ्यायला फ्रीजकडे गेला तर सरळ तोंड मारलं. दात पँटला लागले, कातडीला नाही. रविवार होता, मटणाचा रस्सा-भात होता, म्हणून जास्त असेल का?

हे म्हणतात आडवा पाडून दाबून धर, मालक कोण ते कळू दे. सासूबाई म्हणतात जिथून आणला तिथे सोड. मला दोन्ही पटत नाही, पण काल रात्रभर झोप नाही.

चिंचगुळाची_आमटी
आमच्या लॅब्राडॉरने एकदाच केलं होतं असं. चपलेचा एक फटका दिला, पुन्हा कधी आवाज काढला नाही. फार लाड नकोत.

अण्णा_कराडकर
ताई, मी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली, आता निवृत्त. आमटीबाई, राग नसावा, पण "पुन्हा आवाज काढला नाही" याचीच मला धास्ती वाटते. गुरगुरणं म्हणजे कुत्रं तोंडानं सांगतंय की लांब राहा. मार खाऊन ते सांगायचं बंद करतं, आतली भीती तशीच राहते. मग एक दिवस न सांगता चावतं आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला. सगळ्या कुत्र्यांचं असं होत नाही, तुमच्या लॅबचं झालं नाही हे नशीब.

भुऱ्याचा हिशेब साधा आहे: माणूस जवळ आला की जेवण जातं. ट्रेनरच्या सांगण्यावरून तुम्ही रोज तेच त्याला दाखवलंत. आता उलटा हिशेब शिकवायचा, माणूस आला की जास्त मिळतं.

आजपासून ताटली त्या बोळातून हलवा. बाल्कनीत किंवा आतल्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. तो बाहेर आल्यावरच ताटली उचला. मुलानं तिकडे फिरकायचं नाही, अगदी प्रेमानंसुद्धा नाही. आठ-पंधरा दिवस एवढंच करा, त्याला निवांत जेवू द्या.

मग पुढचं. ताटलीत त्याचं रोजचं साधं जेवण, तुमच्या हातात बिनमसाल्याच्या उकडलेल्या चिकनचे तुकडे. तो खात असताना इतक्या लांब उभ्या राहा की त्याची मान, शेपूट सैल राहील. तिथून एक तुकडा ताटलीकडे टाका आणि पाठ फिरवून चालू लागा. बोलायचं नाही, वाकायचं नाही, कुरवाळायचं नाही. रोज तेच. काही दिवसांनी तुम्ही दिसताच तो मान वर करून वाट बघायला लागेल, तेव्हा अर्धं पाऊल पुढं.

गुरगुरायच्या आधी काय दिसतं ते नीट बघा. अंग दगडासारखं थांबतं. डोकं ताटलीत आणखी खाली जातं, खाण्याचा वेग वाढतो, मान न वळवता तिरकं बघितल्यानं डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. यातलं काहीही दिसलं तर तुम्ही फार जवळ गेलात, मागं या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं हे वेगळं, पहिल्यापासून करायचं. ताईंना चालतं म्हणजे साहेबांना चालेल, असं कुत्र्याचं नसतं.

ताटली सोडून पायमोजा वगैरे पळवला तर मागं धावू नका. चिकनचे चार तुकडे लांब जमिनीवर विखरा. तो वेचायला गेला की पायमोजा उचला.

आणि डॉक्टरला दाखवा. दात, कान, पोट. दुखऱ्या कुत्र्याचा स्वभाव बिघडतो. तोंड मारण्यापर्यंत गेलंय आणि घरात लहान मूल आहे, म्हणून वागणुकीच्या तक्रारींवर काम करणारा पशुवैद्य मिळाला तर हे सगळं त्याच्या नजरेखाली करा. कधी दात लागून रक्त आलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

रस्सा-भात मात्र आजच बंद. त्यात कांदा असतो. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लसूणही त्याच जातीतला.

पानगळ
जाईच्या "ह्यांना" एक सांगायचंय. हे मालकगिरीचं खूळ लांडग्यांवरून आलं. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली छापला. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका आवारात, मग मारामाऱ्या होणारच. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकानं "अल्फा" (कळपाचा दादा) हा शब्द घरोघरी पोचवला. पुढे त्यांनीच कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, पुढारीपण भांडून मिळवलेलं नसतं. ज्यानं शब्द पसरवला तोच मागे घ्या म्हणतोय, आणि आपण अजून कुत्र्याला उताणा पाडतोय. तेही लांडगा नसलेल्या कुत्र्याला!

जाई_नाशिक
अण्णा, खूप आभार. ताटली बाल्कनीत गेली. ह्यांनी वाचलं, "बघू" म्हणाले, म्हणजे निम्मं काम झालं. मुलगा रडवेला आहे, भुऱ्याला मी आवडत नाही म्हणतो. त्याला यात काहीच करता येणार नाही का? आणि कधीकधी मटणातलं हाड देतो, ते चालेल?

अण्णा_कराडकर
करता येईल की. ताटलीपासून लांब, जेवणाची वेळ सोडून, तुम्ही शेजारी असताना त्यानं भुऱ्याला "बस" शिकवावं. बसला की खाऊ हातात न धरता जमिनीवर टाकायचा. फिरायला तुमच्याबरोबर त्यानं यावं, पट्टा तुमच्या हातात. दोघांना एकटं मात्र सोडायचं नाही, झोपतानासुद्धा.

हाड नको. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. शिवाय हाडावर तो ताटलीपेक्षा जास्त हक्क सांगेल, आणि ते सोडवायला तुम्ही हात घालाल.