उरलंसुरलं आणि स्वस्तातलं: मापासकट सांगा

उरलेल्या अन्नाचं आणि बाजार उठताना स्वस्तात मिळालेल्या भाजीचं काय करता ते लिहा. अट एकच, 'अंदाजाने घाला' म्हणून सोडून देऊ नका. वाटी-चमच्याचं माप द्या आणि पदार्थ कुठे बिघडतो तेही सांगा. सुरुवात फोडणीच्या पोळीपासून करते.

४ शिळ्या पोळ्या हातानेच कुस्करायच्या. मिक्सरला सलग फिरवल्या तर निम्म्या पोळीचं पीठ होतं आणि पाण्याचा हबका मारला की त्याचे गोळे बनतात. दीड टेबलस्पून तेलात मोहरी, हिंग, मूठभर शेंगदाणे, २ मिरच्या, कढीपत्ता, मग एक मोठा कांदा पूर्ण मऊ होईपर्यंत परतायचा. कांदा कच्चट राहिला तर नंतर शिजायला वाव नाही, कारण पोळी घातल्यावर आच मंदच ठेवायची असते. हळद घाला, मीठ निम्मंच, कणकेत आधीच असतं. २ टेबलस्पून पाण्याचा हबका, झाकण, ३ मिनिटं. वरून अर्धा चमचा साखर आणि लिंबू.

•••

पाण्याऐवजी आंबट ताकाचा हबका मारा, लिंबू लागत नाही. पोळ्या दोन दिवसांच्या, अगदी कडक असतील तर ताक ४ टेबलस्पूनपर्यंत चालतं.

त्याच पोळ्यांचा लाडू करायचा तर मात्र मिक्सर हवाच, रव्यासारखं बारीक. ४ पोळ्यांना अर्धी वाटी किसलेला गूळ आणि २ टेबलस्पून तूप. तूप गरम करून गॅस बंद, त्यात गूळ, आणि गूळ नुसता विरघळला की लगेच पोळीचा चुरा. गुळाला बुडबुडे येईपर्यंत थांबलात तर पाक होतो, आणि लाडू दुसऱ्या दिवशी फोडायला बत्ता लागतो.

•••

फोडणीच्या भाताचं माप सगळ्यांना येतं, पण भात ठेवायचा कसा हे कोणी सांगत नाही. रात्रीचा भात पातेल्यात, झाकण लावून ओट्यावर ठेवणं ही वाईट सवय आहे. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी कितीही खरपूस परतलं तरी जात नाही. भात परातीत पसरून गार करा, तासाभरात डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. गरम एकदाच करायचा.

चवीच्या दृष्टीनेही फ्रिजमधलाच भात बरा, कारण गार झाला की दाणा घट्ट होतो आणि मोकळा सुटतो. ३ वाट्या भाताला १ चमचा तेलाचा हात लावून आधी गुठळ्या मोडा, कढईत गेल्यावर कालथ्याने मोडू नका, शितं तुटतात.

•••

वरण-आमटी उरली की आमच्याकडे चकोल्या, म्हणजे वरणफळं. २ वाट्या आमटीला ३ वाट्या पाणी घाला, जास्त वाटलं तरी घाला. १ वाटी कणीक, मीठ, हळद, चिमूटभर ओवा, चमचाभर तेल, पुरीसारखी घट्ट मळायची. पातळ पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची. आमटी खळखळ उकळत असतानाच एकेक फळ सुटं सोडायचं. उकळी नसताना सोडली तर फळं तळाशी बसून एकमेकांना चिकटतात आणि लागतात. १२ मिनिटं शिजवा. ताटात घेताना आमटी पातळ दिसली पाहिजे, कारण फळं नंतरही पाणी पीत राहतात. मीठ, तिखट आणि चिंच वाढवायला विसरू नका, नाहीतर सपक लागतं.

घट्ट साधं वरण असेल तर थालीपीठ. १ वाटी वरणात साधारण दीड वाटी भाजणी मावते. पाण्याचा थेंब घालायचा नाही.

•••

बाजार उठताना काय घ्यावं:

टोमॅटो मऊ चालतील, फुटून पाणी सुटलेले किंवा देठाशी बुरशी धरलेले नकोत. चिरून, शिजवून, गाळून निम्म्यावर आटवायचे आणि बर्फाच्या ट्रेत गोठवायचे. भाजीला दोन वड्या पुरतात. हिरवट झालेले किंवा मोड आलेले बटाटे फुकट दिले तरी नकोत.

कोथिंबीर धुऊन ठेवू नका, ओल राहिली की दोन दिवसांत काळी पडते. पिवळी पानं काढून, मुळं कापून कागदात गुंडाळून डब्यात. पाच रुपयांना दोन जुड्या मिळाल्या तर सरळ वड्या करा. चिरलेली कोथिंबीर २ वाट्या, बेसन १ वाटी, तांदळाचं पीठ २ टेबलस्पून. धुतलेली कोथिंबीर कापडावर कोरडी झाल्याशिवाय हात लावू नका. मीठ लागलं की तिला पाणी सुटतं, मग पीठ वाढवावं लागतं, आणि वडी चिवट होते ती यामुळेच. १५ मिनिटं वाफवा, पूर्ण गार झाल्यावर कापा.

•••

दोडक्याच्या शिरा. वाटीभर शिरांना २ चमचे तेल, मंद आच, दहा मिनिटं, हाताने मोडतील इतक्या कुरकुरीत. मग २ चमचे भाजलेले तीळ, थोडं सुकं खोबरं, सुक्या मिरच्या, मीठ, भरड कुटायचं. मऊ असतानाच कुटलं तर दोरे दातात येतात. त्याआधी दोडक्याची कच्ची चकती जिभेला लावून बघा. कडू लागला तर शिरा नाही, भाजी नाही, अख्खा दोडका टाकायचा. दुधीचंही तेच. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून उतरत नाही. काटकसर तिथे थांबते.

•••

कणी घेता का कोणी? अख्ख्या तांदळापेक्षा बरीच स्वस्त पडते. मोकळा भात हवा असेल तर नादाला लागू नका, गिच्चच होणार. गुरगुट्या भात, खिचडी, घावन, इडली यांना उत्तम. इडलीला ३ वाट्या कणी, १ वाटी उडीद डाळ. कणी ४ तासांत भिजते, डाळ वेगळी भिजवा आणि कणी रवाळच वाटा.

•••

लंडनहून. इथे संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये पिवळं लेबल लावून वस्तू उतरत्या भावात काढतात. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असेल तर प्रश्न दर्जाचा, 'यूज बाय' असेल तर ती तारीख पाळायचीच. मी निळ्या झाकणाचं, म्हणजे पूर्ण सायीचं दूध उचलते आणि त्याच दिवशी पनीर. चार पाइंटांच्या बाटलीला (२.२७ लिटर) ४ टेबलस्पून लिंबाचा रस. दूध उकळलं की गॅस बंद करून रस थोडा थोडा घालायचा, हिरवट पाणी वेगळं दिसलं की थांबायचं. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघतं. हे दूध होमोजिनाइज्ड असल्याने पनीर भुसभुशीत होतं, चौकोनी तुकडे तळायचे असतील तर वजनाखाली दोन तास ठेवावं लागतं. भुर्जीला तसंच चालतं. पाणी कणीक मळायला.

•••

गुलाबजामच्या उरलेल्या पाकाची शंकरपाळी सांगायची राहिलीच की. १ वाटी पाक, ३ टेबलस्पून गरम तूप, मावेल तेवढा मैदा किंवा कणीक. पाक घट्ट असेल तर आधी पाव वाटी पाणी घालून सैल करा. लाटण्याआधी एक तुकडा तळून बघायचा. तेलात विरघळला तर साखर जास्त झाली, पीठ वाढवा. दगड झाला तर चमचाभर तूप आणखी. पाकात केशर-वेलची असतेच, वेगळी घालू नका.