हिरवा-पांढरा-हिरवा झेंडा, मध्ये चार अक्षरं: हा कुणाचा?

शिडफाटका:
मंडळी, जरा मदत हवी आहे. कामानिमित्त दोन वर्षं रॉटरडॅममध्ये आहे. रविवारी इथल्या जुन्या बाजारात एका आजीबाईंकडून १५ युरोला झेंडा घेतला. जाड लोकरीचं कापड, हिरवा-पांढरा-हिरवा असे तीन आडवे पट्टे, मधल्या पट्ट्यावर काळी रोमन अक्षरं: एन, ए, एस, एम. कडेला दोरी, तिला लाकडी खुंटी. कसरीने दोन ठिकाणी भोकं पाडली आहेत. आधी वाटलं शहराचाच झेंडा, पण त्यावर अक्षरं नसतात. आजीबाई फक्त "बोट, बोट" म्हणत होत्या. डचमध्येही बोटीला बोटच म्हणतात, तेवढं कळलं.

लंबकर्ण:
डच ईस्ट इंडिया कंपनी! कुणाला दाखवू नकोस, लाखो मिळतील.

टिवल्याबावल्या:
लंबकर्णा, ती कंपनी १७९९ संपताना बुडीत निघाली. तिचं चिन्ह म्हणजे मोठा व्ही आणि त्याच्या दोन हातांवर ओ नि सी. यात ते कुठे दिसतंय? लाखांचं स्वप्न आवरा.

रिटायर्ड चीफ:
शिडफाटक्या, घबाड नाही, पण चीज चांगली मिळाली आहे तुला. हा नेदरलँड्स-अमेरिकान्स स्टोमव्हार्ट मात्स्खापाय, म्हणजे नेदरलँड्स-अमेरिका आगबोट कंपनीचा हाउस फ्लॅग, म्हणजे बोटींवर लावायचा तिचा स्वतःचा झेंडा. एवढं लांबलचक कोण म्हणणार? जग तिला हॉलंड अमेरिका लाइन म्हणतं.

शहराचा झेंडा वाटला यात तुझी चूक नाही. कंपनीने रंग शहराचेच उचलले. रॉटरडॅमच्या चिन्हात हिरव्यावर जो पांढरा पट्टा आहे ती रोटे नदी, आणि तिच्यावरच्या धरणामुळे गावाचं नाव रॉटरडॅम. म्हणजे अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीच्या डोलकाठीवर गावची छोटीशी नदी फडकत होती.

आता गोष्ट. १८७२ साली रॉटरडॅमहून समुद्राकडे जाणाऱ्या नव्या कालव्यातून जहाजं जाऊ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'रॉटरडॅम' नावाची आगबोट न्यूयॉर्कला निघाली. तिचे मालक प्लाटे आणि रॉयखलिन यांची पेढी. पुढल्या वर्षी, १८७३ मध्ये, तिची रीतसर कंपनी झाली. पूर्व युरोपातले कंगाल लोक गाठोडी घेऊन येत, तळच्या डेकवर दाटीवाटीने बसत आणि अमेरिकेला जात. वरच्या डेकवर झुंबरं, खाली उलट्या. कंपनीचा मोठा गल्ला खालच्यांकडूनच यायचा, हे मात्र झुंबराखाली बसणाऱ्यांना कुणी सांगत नसे.

हाउस फ्लॅग कशासाठी? वायरलेस येण्याआधी बोट दिसली की बंदरातल्या एजंटाला लांबूनच कळावं, आपली की परक्याची. राष्ट्राचा झेंडा मागे, स्टर्नला; कंपनीचा वर, मोठ्या डोलकाठीला. पण खरं सांगू का, वारा पडला की झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. फनेल, म्हणजे बोटीचं धुराडं, कधीच लोंबत नाही! या कंपनीच्या पिवळ्या फनेलवरही तेच हिरवे-पांढरे-हिरवे पट्टे होते. डेकवाल्यांना झेंड्याचं कौतुक, आम्हा इंजिनवाल्यांना फनेलचं. मी ज्युनिअर असताना आमचा चीफ फनेलच्या पट्ट्यांची रुंदी टेपने मोजायचा. इंचभर वाकडं दिसलं की पुन्हा रंगवा.

नावांतही शिस्त होती. प्रवासी बोटींच्या शेवटी 'डॅम', मालवाहू बोटींच्या शेवटी 'डाइक'. १९४० च्या मे महिन्यात जर्मन हल्ल्यात 'स्टाटेनडॅम' रॉटरडॅममध्येच जळाली. 'न्यू अॅमस्टरडॅम' वाचली, युद्धभर सैनिक वाहत राहिली. मग जेट विमानं आली आणि १९७१ मध्ये अटलांटिकची नेमाची प्रवासी फेरी संपली. पुढे नुसत्या सहली. १९८९ मध्ये कंपनीच अमेरिकेच्या कार्निव्हल या सहलीच्या बोटी चालवणाऱ्या कंपनीने घेतली.

१९५९ ची 'रॉटरडॅम' अजून तुझ्याच गावात उभी आहे, आता हॉटेल झाली आहे. बघून ये. मधोमध जाडजूड फनेल नाही, मागे शेजारीशेजारी दोन बारीक धुराडी. बांधली तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. मीही मुरडली असती.

टिवल्याबावल्या:
चीफसाहेब, अस्सल की नकली ते कसं ओळखायचं?

रिटायर्ड चीफ:
छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. लोकर ही चांगली खूण, पुढे नायलॉन आलं. आणि शिडफाटक्या, झेंडा उलटून बघ. अक्षरं नुसती आरपार छापली असतील तर मागून उलटी दिसतील. नीट शिवलेल्या झेंड्यावर दोन्ही बाजूंनी सरळ वाचता येतात.

टिवल्याबावल्या:
उलटं वाचलं तर एम, एस, ए, एन. मसण!

शिडफाटका:
चीफकाका, मनापासून आभार. उलटून पाहिला. दोन्ही बाजूंना अक्षरं वेगवेगळी कापून शिवली आहेत, सरळ वाचता येतात. मसण टळलं. शनिवारी जाऊन त्यांचं जुनं मुख्यालय बघणार आहे, तेही १९९३ पासून हॉटेल न्यूयॉर्क झालंय. तोवर झेंडा डांबरगोळ्यांसकट कपाटात, बायको म्हणते कपाटाबाहेर.