मदत हवी आहे: ग्रेट झिम्बाब्वेची भिंत प्रतिकृतीत उभी कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,
आमच्या शाळेतली आठवीची मुलं इतिहास प्रदर्शनासाठी ग्रेट झिम्बाब्वेच्या (आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशातलं जुनं दगडी नगर) मोठ्या आवाराची प्रतिकृती करतायत. मूळ बाहेरची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच, घेर साधारण २५० मीटर. चुना नाही, गारा नाही. ग्रॅनाइटचे घडवलेले दगड नुसते थरावर थर रचलेले! तिथल्या शोना लोकांच्या पूर्वजांचं हे काम. इथलं सोनं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरातून बाहेर जायचं. उत्खननात चिनी भांडी आणि भारतीय काचमणीही सापडलेत. तरी गोऱ्या वसाहतवाल्यांनी हे फिनिशियनांचं (भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन व्यापारी लोकांचं) म्हणून खपवलं. १९२९ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननातून ते आफ्रिकनांचंच असल्याचं दाखवलं, पण ऱ्होडेशियात (झिम्बाब्वेचं जुनं नाव) खोटं चालूच राहिलं. मला याची मनापासून चीड येते.

आता अडचण. आम्ही शहाबादी फरशीचे तुकडे वापरतोय. भिंत खाली रुंद, वर निमुळती ठेवूनही फूटभर उंचीवर वळणापाशी बाहेर फुगते आणि ढासळते. चिकटवायचं नाही, असं मुलांनीच ठरवलंय आणि ते मला पटतं.

कोकणात गडगे (नुसते दगड रचून केलेली कुंपणं) घालणारं कुणी आहे का इथे? वळणावर सांधे कसे मोडायचे (म्हणजे सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही), आत भर कसली घालायची, आडवे लांब दगड किती अंतरावर टाकायचे? आणि कुणी मास्विंगोला (ग्रेट झिम्बाब्वेजवळचं शहर) जाऊन आलं असेल, तर भिंतीच्या माथ्यावरच्या नागमोडी नक्षीचे जवळून काढलेले फोटो कृपया टाका.