‘स्विच हिटर’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: बेसबॉलपटू मिकी मँटलवरील लेखाच्या अनुवादात ‘स्विच हिटर’साठी मी ‘दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा’ असे लिहिले, त्यावर संपादकांनी समासात शेरा मारला, ‘बॅट सगळेच दोन्ही हातांनी धरतात.’ शेरा बिनतोड आहे. बेसबॉलमध्ये ५३६ होमरन करणारा हा खेळाडू उजव्या हाताच्या पिचरसमोर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यासमोर, डावखुरा उभा राहत असे आणि डाव्या हाताच्या पिचरसमोर उजवा, कारण बाहेर वळत जाणाऱ्या चेंडूपेक्षा आत येणारा चेंडू टोलवणे सोपे जाते. यासाठी नेमका शब्द आहे काय?

जुनाजाणता: ‘सव्यसाची’ हा शब्द हाताशी असताना नवा कशाला हवा? विराटपर्वात अर्जुन स्वतःच सांगतो, की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत, म्हणून मला सव्यसाची म्हणतात.

मैदानकर: क्षमा असावी, पण ‘सव्यसाची’ वाचताच डोळ्यांपुढे रथ उभा राहतो, फलंदाज नव्हे. शिवाय येथे मुद्दा हाताचा नसून बाजूचा आहे. तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो आणि फलंदाजी उजवी. आमच्या चाळीच्या अंगणात एका अंगाला खिडक्या होत्या आणि तिकडे चेंडू गेला की बाद, म्हणून एक थोरला मुलगा डावखुरा उभा राहून उरलेल्या मोकळ्या अंगाला चेंडू ओढत असे. त्याला आम्ही ‘दुबाजू’ म्हणत असू. मला तोच शब्द योग्य वाटतो.

अनुवादिका: ‘दुबाजू’ आवडला, पण तो चाळीबाहेर कोणाला कळेल?

पंच: कोणताही शब्द घ्या, फक्त क्रिकेटमधल्या, इंग्लंडच्या पीटरसनच्या ‘स्विच हिट’शी त्याची गल्लत नको. २००८ मध्ये त्याने स्टायरिसच्या गोलंदाजीवर पवित्रा बदलला तो गोलंदाज धावत येत असताना, आणि क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो फटका वैध ठरवला. मात्र ऑफ साइड कोणती, हे रनअप सुरू होतानाच्या पवित्र्यावरूनच ठरते. बेसबॉलमध्ये पिचर फेकीसाठी सज्ज झाल्यावर फलंदाजाने बाजू बदलली तर तो सरळ बाद होतो. मँटलच्या जवळ जाणारे आपल्याकडचे उदाहरण गावसकरांचे: १९८१-८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात, कर्नाटकाविरुद्ध, डावखुऱ्या रघुराम भटच्या, उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणाऱ्या फिरकीसमोर ते डावखुरे उभे राहिले आणि इतरांसमोर उजवे.

जुनाजाणता: म्हणजे गावसकर सव्यसाचीच ठरले!

मैदानकर: मुळात ‘सव्य’ म्हणजे उजवे ना? मग सव्यसाची म्हणजे नुसता उजवा फलंदाज.

जुनाजाणता: संस्कृतात सव्य म्हणजे डावे. श्राद्धात गुरुजी ‘सव्य करा’ म्हणतात तेव्हा जानवे डाव्या खांद्यावर येते, हे आपण पाहिलेच असेल.

मैदानकर: पाहिले आहे, पण नेहमीचे, सुलटे ते सव्य, असाच अर्थ आमच्या घरात सगळे घेत आले आहेत, आणि बोलणाऱ्याला कोश उघडायला सवड नसते.

अनुवादिका: माझा प्रश्न जानव्याचा नव्हता. मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे.

जुनाजाणता: तेवढ्यात एक विचारतो, ‘डावखुरा’मधला खूर कोणाचा?