पहिला ऑपेरा कोणता ऐकावा? माझं मत : १९५३ ची मोनो ‘तोस्का’, दुसरी कुठलीही नाही

मंद्रसप्तक

ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेली बरीच मंडळी कधीतरी ऑपेराकडे वळतात आणि हमखास विचारतात, सुरुवात कुठल्या रेकॉर्डिंगपासून करू? उत्तरादाखल त्यांच्या हातात भली मोठी यादी पडते. एकेका ऑपेराची डझनावारी ध्वनिमुद्रणं, दर वेळी गायक वेगळे, कंडक्टर वेगळा. माणूस ऐकायच्या आधीच दमतो.

मी एकच नाव सांगतो. पुचिनीचा ‘तोस्का’, ऑगस्ट १९५३, मिलानच्या ला स्कालाचा वाद्यवृंद आणि कोरस, कंडक्टर व्हिक्टर द साबाता. गायिका तोस्का म्हणजे मारिया कॅलस, तिचा प्रियकर चित्रकार काव्हारादोस्सी म्हणजे ज्युसेप्पे दी स्तेफानो आणि रोमचा पोलीसप्रमुख स्कार्पिया म्हणजे तीतो गोब्बी.

मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू न दाखवणारा एकाच वाहिनीचा आवाज, म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणूनच धागा काढला. नवख्या श्रोत्याची खरी अडचण आवाजाचा दर्जा ही नसतेच. भाषा कळत नाही, ही असते. इटालियनचा गंध नसताना त्याने धरून बसायचं कशाला? गळ्याला. आणि या रेकॉर्डवर गळ्यातूनच सगळं कळतं. पहिल्या अंकात तोस्का रंगमंचावर येण्याआधी चर्चच्या बंद दाराबाहेरून तिची हाक येते, ‘मारिओ! मारिओ! मारिओ!’ आत आल्याआल्या पहिला प्रश्न, ‘दार बंद का?’ मूळ इटालियनमध्ये दोन शब्द. कॅलस ते असे टाकते की ही बाई जीव लावणारी आहे, संशयी आहे आणि स्वतःच्या नावलौकिकाची तिला पुरती जाण आहे, हे पाच सेकंदांत समजतं.

दुसऱ्या अंकात स्कार्पियाला सुरीने संपवल्यावर ती प्रेताकडे बघून म्हणते, ‘याच्यापुढे सारं रोम थरथर कापत होतं.’ पुचिनीने ही ओळ एकाच खालच्या सुरावर ठेवली आहे. ना तान, ना चढउतार. कॅलस ती जवळजवळ बोलते, तरी सूर सुटत नाही. नाट्यपदात शब्द आणि सूर यांचा तोल ज्यांनी कान देऊन ऐकलाय, त्यांना इथे काय चाललंय ते समजावून सांगावं लागणार नाही.

संहितेचं भाषांतर समोर ठेवा, शफल बंद करा, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. दोन तासांच्या आत संपतो. यापेक्षा चांगली सुरुवात कुणाकडे असेल तर सांगा.

घाटवाट

अजिबात सहमत नाही. कॅलसबद्दल आदर पूर्ण आहे, पण तुम्ही गाण्याबद्दल बोलताय आणि ऑपेरा म्हणजे नुसतं गाणं नव्हे. पुचिनीने वाद्यवृंदासाठी काय लिहिलंय ते मोनोमध्ये अर्धंच पोचतं.

‘तोस्का’च्याच पहिल्या अंकाचा शेवट घ्या. दोनच सुरांवर हेलकावणाऱ्या घंटा, किल्ल्यावरची तोफ, ऑर्गन, चर्चमध्ये गोळा होत जाणारा समुदाय, आणि या सगळ्याच्या वर स्कार्पियाची स्वगतं. एक माणूस चर्चमध्ये उभा राहून पापाचे मनसुबे रचतोय आणि त्याच्याभोवती प्रार्थना फुगत चाललीय. हा प्रसंग जागेचा आहे. कोण जवळ, कोण लांब, घंटा कुठून येतात, हे कानाला कळलं पाहिजे. मोनोमध्ये हे ऐकणं म्हणजे बंद खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहणं.

‘तोस्का’च हवा असेल तर कंडक्टर कारायानचा १९६२ चा व्हिएन्नातला घ्या. लिऑन्टिन प्राइसचा आवाज, व्हिएन्ना फिलहार्मनिक, स्टिरिओ, निर्माता जॉन कलशॉ. आणि माझं खरं उत्तर विचाराल तर झुबिन मेहतांचा ‘तुरांदोत’, पुचिनीचाच ऑपेरा. लंडन फिलहार्मनिक, १९७२. जोन सदरलंड, पावारोत्ती, माँत्सेरात काबाये, शिवाय म्हाताऱ्या सम्राटाच्या छोट्याशा भूमिकेत खुद्द पीटर पिअर्स. मुंबईत जन्मलेल्या कंडक्टरचा आहे म्हणून सांगत नाही. पहिल्या मिनिटापासून गाँग, कोरस, गर्दी अंगावर येते. नवख्या माणसाला आधी हा थरार मिळाला पाहिजे, बारकावे मागाहून. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी यातलं ‘नेस्सुन दोर्मा’ हे पद घरोघर पोचलं ते याच ध्वनिमुद्रणातून. ज्यांनी आयुष्यात ऑपेरा ऐकला नव्हता, त्यांनाही ते भिडलं. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

अबोली

दोघेही कानांचंच बोलताय. ऑपेरा हे नाटक आहे, ते आधी डोळ्यांनी पाहावं. आपल्या संगीत नाटकांचं काय झालं ते बघा. पदं तबकड्यांवर राहिली, प्रवेश विस्मरणात गेले, आणि आता ती पदं कुठल्या प्रसंगातली हे गाणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

मुंबईकरांसाठी एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, खाली भाषांतर येतं, पहिला अनुभव तिथे घ्या. घरी बसून पाहायचं तर १९९२ चा रोममधला ‘तोस्का’ शोधा. सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्च, फार्नेसे पॅलेस, सांत आंजेलो किल्ला, कथेतल्या प्रत्यक्ष जागी आणि प्रत्यक्ष वेळी चित्रित केलेला. तिसरा अंक पहाटेचा, तर चित्रणही पहाटेचं. कंडक्टर तिथेही मेहताच. आणि मंद्रसप्तक, तुमच्या कॅलस-गोब्बी जोडीचा दुसरा अंक १९६४ साली लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये चित्रित झालाय. सुरी दिसल्यावर तिची नजर काय करते ते बघा. तुम्ही वर्णन केलेली ती ओळ मग वेगळीच ऐकू येईल.

मंद्रसप्तक

@घाटवाट, स्टिरिओनेच सगळं होत असतं तर एक गोष्ट सांगा. त्याच कॅलसने, त्याच गोब्बीबरोबर, १९६४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये ‘तोस्का’ पुन्हा रेकॉर्ड केला. कंडक्टर जॉर्ज प्रेत्र, टेनर बेर्गोन्झी, उत्तम स्टिरिओ. तरी जाणकार परत परत १९५३ कडे का वळतात? गळा तेव्हा ताजा होता आणि द साबाता एका क्षणालाही सैल पडत नाही, म्हणून. कारायानकडे श्रीमंती आहे, पण तो त्या श्रीमंतीत रमतो, आणि रमला की कथा थांबते. शिवाय त्याच्याकडेही दी स्तेफानोच आहे. दोन्ही रेकॉर्डवरचा तिसऱ्या अंकातला काव्हारादोस्सीचा ताऱ्यांचा प्रसंग लागोपाठ ऐका. नऊ वर्षांत त्या गळ्याचं काय झालं ते कळेल.

मोनोबद्दल इतकंच, की कुठल्यातरी घासलेल्या तबकडीवरून चढवलेली प्रत ऐकून मत बनवू नका. २०१४ साली ॲबी रोड स्टुडिओत मूळ टेपवरून नव्याने केलेली आवृत्ती उपलब्ध आहे. तुमची तोफ त्यातही ऐकू येते.

@अबोली, डोळ्यांना काम मिळालं की कान आळशी होतात, असा माझा अनुभव आहे. पाहा जरूर, पण दुसऱ्या खेपेला.

खर्ज

स्टुडिओतल्या ऑपेरावर माझा विश्वासच नाही. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ची १९५२ ची रेकॉर्ड आठवा, कंडक्टर फुर्टव्हेंग्लर. सार्वकालिक श्रेष्ठ म्हणून आजही सुचवली जाते. त्यात नायिका इझोल्डे गाते कर्स्टन फ्लागस्टाट, पण दुसऱ्या अंकातले तारसप्तकातले दोन षड्ज तिचे नाहीतच. ते एलिझाबेथ श्वार्त्सकॉफने म्हटले. निर्माता वॉल्टर लेग, आणि मंद्रसप्तकांच्या ‘तोस्का’चा निर्माताही तोच. सवाईच्या मंडपात बसलेल्या श्रोत्याला असं काही चालेल का? बुवांचा तारषड्ज पडद्यामागून दुसऱ्याने लावला तर?

मैफलीत जे घडतं तेच खरं. म्हणून माझं नाव : व्हेर्दीचा ‘त्राव्हियाता’, लिस्बनचा प्रयोग, २७ मार्च १९५८, कॅलस आणि तरुण आल्फ्रेदो क्राउस. आवाज पातळ आहे, प्रॉम्प्टर मध्येमध्ये ऐकू येतो, लोक खोकतात. पण दुसऱ्या अंकात प्रियकराचा बाप तिला मुलाला सोडायला सांगतो आणि ती कबूल होते, ‘त्या मुलीला सांगा’ म्हणते, तो पहिला स्वर ती किती वेळ, किती बारीक धरून ठेवते ते ऐका. समोर श्रोते आहेत, दुसरा टेक नाही आणि तो स्वर कुठल्याही क्षणी तुटू शकतो. हा धोका पत्करलेला ऐकू येतो, तेव्हा ऑपेरा कळतो.

घाटवाट

खर्जराव, फसवणुकीचा मुद्दा मला पटत नाही. सदरलंडने तुरांदोतची भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही. स्टुडिओ नसता तर तो आवाज त्या भूमिकेत जगाला ऐकायलाच मिळाला नसता. ध्वनिमुद्रण ही मैफलीची नक्कल नाही, ती स्वतंत्र कला आहे. कलशॉ आणि कंडक्टर सोल्टी यांनी १९५८ पासून १९६५ पर्यंत व्हिएन्नात वाग्नरचं अख्खं ‘रिंग’, म्हणजे चार ऑपेरांची मालिका, ध्वनिमुद्रित केलं. त्यातल्या ‘राइनगोल्ड’मध्ये वाग्नरने अठरा ऐरणी सांगितल्यात, तर त्यांनी अठरा जमवल्या. कितीतरी ऑपेरागृहांत तेवढ्या वाजतच नाहीत. इथे खरा प्रामाणिकपणा कुणाचा?

सांजवात

मला या चर्चेचा पायाच मान्य नाही. ऑपेरा हे आपल्याकडच्या श्रोत्यासाठी पहिलं दार असू नये. ख्याल ऐकणारा माणूस एक गळा, एक साथ, एक भाव यांत मुरलेला असतो. त्याला थेट कोरस, तोफा आणि खून यांच्यात कशाला ढकलायचं?

त्याने शुबर्टपासून सुरुवात करावी. ‘विंटरराइज’, १८२७, विल्हेल्म म्यूलरच्या चोवीस कविता, एक गायक आणि एक पियानो. चोवीसही नकोत, फक्त शेवटचं गाणं ऐका. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा असलेला एक म्हातारा, थंडीने आखडलेल्या बोटांनी आपल्या वाद्याची मूठ फिरवतोय, ताटलीत एक नाणं नाही, भोवती कुत्री गुरगुरताहेत. पियानोचा डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त षड्ज-पंचम धरून बसलेला आहे. उजव्या हातात छोटीशी सुरावट येते, थांबते, परत येते. तानपुऱ्यावर आयुष्य काढलेल्या कानाला हे परकं वाटूच शकत नाही. त्या षड्ज-पंचमावर गायक फार काही करत नाही. शेवटी म्हाताऱ्याला विचारतो, ‘मी येऊ तुझ्याबरोबर? माझ्या गाण्यांना साथ करशील?’ आणि संपतं.

ध्वनिमुद्रण म्हणाल तर गायक फिशर-डीस्काऊ आणि पियानोवादक जेराल्ड मूर ही जोडी सगळे सुचवतात. त्याचा प्रत्येक शब्द तासलेला असतो, कधीकधी मला तो शिकवतोय असं वाटतं. माझी निवड हान्स हॉटर, १९५४, साथीला मूरच. खर्जातला जड, थकलेला आवाज, आणि तो काही सिद्ध करायला जात नाही. बाईच्या आवाजात ऐकायचं तर ब्रिगिटे फासबेंडर, पियानोवर आरिबेर्ट रायमान. ती या गाण्यांना मुळीच सुंदर करत नाही, आणि तेच योग्य आहे.

हे रुजलं की शुबर्टचाच सी मेजरमधला पंचवादन-रचनाबंध. १८२८ चा, तो गेला त्याच वर्षीचा, वय एकतीस. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, दोन चेलो. संथ भागात मधली तीन वाद्यं लांबच लांब स्वर धरून ठेवतात, वरचं व्हायोलिन अर्धवट वाक्यं बोलतं, आणि तळाचा चेलो तारा बोटाने छेडून त्याला उत्तरं देतो. १९५२ चं प्राद गावातलं ध्वनिमुद्रण ऐका, चेलोवर कासाल्स आणि टोर्टेलिए, व्हायोलिनवर आयझॅक स्टर्न, आणि मंडळी. फ्रँकोच्या स्पेनमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हणून कासाल्स त्या फ्रेंच गावात राहिला होता. वाजवताना तो हुंकार देतो, तोही रेकॉर्डवर आला आहे. कुणी तो काढून टाकला नाही, हे फार बरं झालं.

पिंपळपार

अख्खा ऑपेरा, अख्खी चोवीस गाणी, हा आग्रह कशाला? १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर या धाग्यातलं सगळं आहे. एडा मोझरने गायलेलं मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधलं रात्रीच्या राणीचं पद, बुडापेस्ट चौकडीने वाजवलेला बेथोव्हनच्या ओपस १३० मधला ‘काव्हातीना’, आणि आपल्या केसरबाई केरकरांचं ‘जात कहाँ हो’. केसरबाईंना साडेतीन मिनिटं मिळाली, मोझरला त्याहून कमी. केसरबाईंचा भैरवी तेवढ्या वेळात उभा राहतोच ना? मग पाश्चात्त्य संगीतालाही तोच न्याय लावा. आधी हे तीन तुकडे एका बैठकीत ऐका, एकमेकांना लागून. ज्यात मन अडकेल तिकडे पुढे जा.

मंद्रसप्तक

@पिंपळपार, भैरवी साडेतीन मिनिटांत उभा राहतो, कारण त्यामागचा राग आपल्या कानात आधीपासून असतो. ऑपेरातल्या पदामागे काय असतं? प्रसंग. तोस्काचं दुसऱ्या अंकातलं ‘व्हिस्सी दार्ते’ एकटं ऐकलंत तर एक गोड करुण पद कानावर पडेल. पण त्याच्या जरा आधी बाहेरून ड्रमचा आवाज येतो, फाशीच्या कैद्यांना नेणाऱ्या शिपायांचा, आणि स्कार्पिया तोस्काला तो मुद्दाम ऐकवतो. प्रियकराच्या जिवाची किंमत त्याने सांगून झालेली आहे. तिथे ती म्हणते, मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग देवा, हे का? तो ड्रम कापून टाकला की ते पद अधांतरी होतं.

@सांजवात, हॉटरबद्दल दुमत नाही. पण जर्मन कविता न समजता ते शेवटचं गाणं नवख्याला नुसतं संथ वाटेल. त्याला नाट्य हवं असतं.

सांजवात

नाट्य काय फक्त सुरी चालल्यावरच होतं? त्या गाण्याचं भाषांतर वाचायला अर्धं मिनिट लागतं. तुमच्या दोन तासांच्या संहितेपेक्षा नक्कीच कमी. आणि नवखा म्हणजे कोण, हेही ठरवा. ज्याने वर्षानुवर्षं विलंबित एकतालात एकेका स्वराची वाट पाहिली आहे, त्याला ‘संथ’ या गोष्टीची भीती आपण का घालतोय?

खर्ज

हा मुद्दा सांजवातताईंचा. ‘विंटरराइज’ची मैफलीतली रेकॉर्ड हवी तर पीटर श्रायर आणि स्व्यातोस्लाव रिख्टर, ड्रेस्डेन, १९८५. रिख्टर इतका सावकाश वाजवतो की श्रायरला एकेक ओळ श्वास राखून न्यावी लागते. मंद्रसप्तक, तुम्ही हे ऐका, मी १९५३ चा ‘तोस्का’ या रविवारी पुन्हा लावतो. मग बोलू.